फाटक पडतंय, बाजूला व्हा!

मॉडेल रेल्वेत गाडी चालवणं हे सगळ्यात सोपं काम आहे हे आधी कोणी सांगत नाही. रुळांना दोन वायरी जोडा, नॉब फिरवा, गाडी गोल गोल पळते, घरचे टाळ्या वाजवतात, विषय संपला. खरी साडेसाती लागते ती गाडी सोडून बाकीचंही काहीतरी हललं पाहिजे असं वाटायला लागल्यावर.

आमचं लेआउट एचओ स्केलचं, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. या हिशोबात माणूस होतो जेमतेम दोन सेंटिमीटरचा आणि लेव्हल क्रॉसिंगचं फाटक बोटाएवढं. तर त्या बोटाएवढ्या काडीला वर-खाली करण्यासाठी टेबलाखाली सध्या एक सर्व्हो (सांगू तितकेच अंश फिरणारी चिमुकली मोटर), एक आर्डुइनो (तिला हुकूम सोडणारा, कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड), एक रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच), दोन सेन्सर, पाच व्होल्टचा वेगळा सप्लाय आणि वायरींचं असं काही जंगल आहे की मी खाली गेले की नवरा विचारतो, जेवायला येणार आहेस की तिथेच पाठवू?

फाटकाचा पहिला प्रॉब्लेम म्हणजे स्पीड. खरं फाटक कसं, आठ-दहा सेकंद घेत रुबाबात खाली येतं. सर्व्होला सांगितलं नव्वद अंश फिर, की तो पापणी लवायच्या आत फिरून मोकळा. पहिल्याच दणक्यात फाटकाशी चिकटवलेला सायकलवाला उडून बोगद्याच्या डोंगरावर जाऊन बसला, सायकल अजून सापडलेली नाही. मग कोडमध्ये एकेक अंश सरकायचं आणि मध्ये १०० मिलिसेकंद थांबायचं असं लिहिलं, नव्वद अंशांना बरोब्बर नऊ सेकंद, आणि ते फाटक पहिल्यांदा सावकाश खाली येताना मी श्वास रोखून बघत होते, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी मेन स्विच चालू केला तर आर्डुइनो जागा व्हायच्या आधीच सर्व्होच्या अंगात आलं आणि त्याने एक जोरदार झटका दिला. म्हणून तो रिले, सर्व्होची पॉवर दोन सेकंद उशिरा देणारा.

रूळ बदलायचे पॉइंट त्या मानाने सज्जन. सोलेनॉइडवाल्यांना, म्हणजे तारेच्या कॉइलचं चुंबक करून झटक्यात सरकणाऱ्यांना, करंट फक्त क्षणभर द्यायचा असतो, बटण दाबून धरलं की कॉइल गरम होऊन जळते, आणि घरी येणारं प्रत्येक पोर बटण दाबून धरायलाच जन्माला आलेलं असतं. त्यासाठी मध्ये कपॅसिटरवालं युनिट टाकायचं, ते साठवलेली वीज एका धक्क्यात देतं आणि मग बटण सोडेपर्यंत गप्प. खरं सांगायचं तर पैसे असतील तर सावकाश फिरणाऱ्या मोटरी घ्या, त्या टोकाला जाऊन अडल्या तरी १५-२० मिलिअँपिअरच खातात, कायम चालू ठेवल्या तरी काही होत नाही.

सोल्डरिंगबद्दल एवढंच, की टेबलाखाली उताणं पडून करायचं आणि वितळलेलं शिसं खालीच पडतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९४६ पासून टेक मॉडेल रेलरोड क्लब आहे, त्यातली काही मंडळी गाड्यांपेक्षा टेबलाखालच्या टेलिफोनच्या रिलेंमध्येच जास्त रमायची आणि पुढे त्यातलीच काही कॉम्प्युटरकडे वळली. मला याचं अजिबात आश्चर्य वाटत नाही, पाठ तरी सरळ राहते.

आता सेन्सर. गाडी आली हे फाटकाला कळणार कसं? आधी इन्फ्रारेड लावले, तर दुपारी खिडकीतून ऊन आलं की गाडीबिडी काही नसताना फाटक बंद. पडदा लावला की मला वायरी दिसेनात. मग इंजिनाखाली चिमुकलं मॅग्नेट आणि रुळाखाली ते मॅग्नेट वरून गेलं की ओळखणारा हॉल सेन्सर. पहिल्या सेन्सरवर फाटक बंद, दुसऱ्यावर उघड. मस्त चाललं, फक्त इंजिन पुढच्या सेन्सरवर पोचलं की फाटक उघडायचं आणि मागचे डबे तेव्हा भर रस्त्यात! बरं, शेवटच्या डब्यालाही मॅग्नेट लावलं, दुसरं मॅग्नेट गेल्याशिवाय उघडायचं नाही. तर चिरंजीवांनी शेवटचा डबा काढून मध्ये टँकर जोडला आणि फाटक बिचारं तासभर त्या मॅग्नेटची वाट बघत बंद, दोन्ही बाजूंना चिमुकल्या मोटारी तुंबलेल्या.

खऱ्या रेल्वेत यासाठी एक्सल काउंटर असतात. आत किती चाकं गेली, बाहेर किती आली, आकडे जुळले की रस्ता मोकळा. आयडिया इतकी आवडली की मी सगळ्याच डब्यांना एकेक मॅग्नेट लावून टाकलं, आता कोणी कितीही डबे जोडो नाहीतर काढो, फाटक मोजून घेतं. फक्त आमच्याकडे चालत्या गाडीतला मधलाच डबा हाताने उचलून सोफ्याखाली नेतात, ही अडचण त्यांना बहुतेक येत नसावी.