स्थळ पक्कं, मालिकाही पक्की

सांगलीच्या माझ्या चुलत बहिणीला मालिकेत मोठं काम मिळालंय आणि लग्नही ठरलंय, तेही आवडत्या मुलाशी. मुलाकडच्यांचं म्हणणं एवढंच, की लग्नानंतर शूटिंग बंद. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावर खल चाललाय. काकांचं पालुपद ठरलेलं : "अमेरिकेत असलं काही नसतं, विचारा हिला."

तर ऐका काका. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहते, तिथून तासाभराच्या आत स्मिथफिल्ड आहे. आपली मंडळी तिथे आउटलेटच्या सेलला जातात. गावातल्या, हॉलिवूडची जुनी नटी एव्हा गार्डनर हिच्या संग्रहालयाकडे सहसा कोणी फिरकत नाही. एव्हा ही तंबाखू पिकवणाऱ्या घरातली पोर. मेहुण्याने न्यूयॉर्कच्या आपल्या फोटो स्टुडिओच्या काचेत तिचा फोटो लावला आणि त्यातून १९४१ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या फिल्म स्टुडिओचा करार झाला. गावाकडचे हेल घालवायला शिकवणी लागली. पुढच्याच वर्षी तिने तेव्हाचा बडा नट मिकी रूनीशी लग्न केलं, तर मधुचंद्राला स्टुडिओचा प्रसिद्धीवाला सोबत!

१९५१ मध्ये तिने गायक फ्रँक सिनात्राशी लग्न केलं, तेव्हा तिची चलती होती आणि त्याचं नाव उतरणीला लागलेलं. त्याला हवी ती भूमिका मिळावी म्हणून तिने कोलंबिया स्टुडिओत शब्द टाकला. त्याच भूमिकेने त्याला १९५४ मध्ये ऑस्कर दिलं. तोवर दोघं वेगळी झाली होती. बायको की गाणं, हे त्याला कोणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

जुनी गोष्ट म्हणाल. मग माझीच घ्या. पुण्यातली नोकरी सोडून मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, आले. २०१५ पर्यंत त्या व्हिसावर कामच करता येत नव्हतं. नंतरही नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचेपर्यंत थांबायचं. इथल्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, बसलेल्या बिनकामाच्या दातांच्या डॉक्टरणी आणि आर्किटेक्ट बघा एकदा. बाळंतपणाला इथे केंद्राच्या कायद्याने १२ आठवडे रजा, तीही बिनपगारी. आपल्याकडे २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवडे पगारी आहे, निदान कागदावर तरी. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, नवरा प्रेमाचाच. पण 'तू पुण्याला ये' असं त्याला कोणी सुचवलंही नाही.

तेव्हा ग्रुपवर एकदा मुलाचंही घ्या की. मालिकेचं शूटिंग मुंबईत आहे आणि त्याची बँकेची नोकरी बदलीची. त्याने मुंबईसाठी अर्ज केलाय का?