ब्राउझर जरूर साफ करा, पण आपले नकार पुसू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरत असतो. ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबा, दिसेल त्या प्रत्येक चौकोनात टिक करा, 'ऑल टाइम' निवडा आणि सगळं उडवा. दर आठवड्याला हे केलं की गूगलला तुमचं काही कळत नाही, जाहिराती मागे लागत नाहीत, कॉम्प्युटरही पळायला लागतो. सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, पण तो पाळणाऱ्याचं त्यातून नुकसान होतं, म्हणून हे लिहितो आहे.

गूगलला काही कळत नाही? पुसलं जातं ते तुमच्या मशीनवरचं. लॉग-इन करून केलेले शोध आणि पाहिलेले यूट्यूब व्हिडिओ, त्यांची नोंद चालू असेल तर, गूगलच्या सर्व्हरवर असतात. ते गूगल खात्याच्या 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' पानावर जाऊनच काढावे लागतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडच्या नोंदींपर्यंत तर ब्राउझरचा हात पोचतच नाही.

जाहिराती मागे लागत नाहीत, हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, आणली, ती वेबसाइटला काहीतरी लक्षात राहावं म्हणून. पुढे त्यात पाळत ठेवणारे क्रमांक आले हे खरं. पण तुमचे स्वतःचे निर्णयही बहुतेकदा तिथेच साठतात. परवानगीच्या पट्टीवर तुम्ही 'रिजेक्ट ऑल' दाबलं, की तो नकार साधारणपणे कुकीत लिहिला जातो. काही जाहिरात कंपन्यांना दिलेला 'माझ्या आवडीनुसार जाहिराती नकोत' हा नकारही कुकीच असतो. सगळं उडवलं की साइटच्या लेखी तुम्ही नवे पाहुणे. ती पुन्हा विचारते, आणि विसाव्या पट्टीवर कंटाळलेलं बोट 'अ‍ॅक्सेप्ट'वर पडतं.

'साइट सेटिंग्ज'चा चौकोन याहून वाईट. लोकेशन, माइक, नोटिफिकेशन यांना ज्या ज्या साइटवर 'ब्लॉक' म्हटलं, त्या नकारांची यादी तिथे असते. ती गेली की प्रत्येक साइटला पुन्हा विचारायची मुभा मिळते. साइटवार झूमही त्यासोबत जातो. घरातल्या वयस्कर माणसासाठी बातम्यांची पानं कुणीतरी मोठ्या अक्षरांत लावून दिलेली असतात. ती एकाएकी बारीक झाली की त्यांना कारणही समजत नाही.

कॉम्प्युटर पळतो, हे फार थोड्या वेळा खरं. कॅशमध्ये पानांची चित्रं आणि फाइली ठेवलेल्या असतात, त्या पुसल्या की पुन्हा उतरवाव्या लागतात. पान मोडकं दिसत असेल किंवा डिस्क भरली असेल तर कॅश जरूर पुसा.

आणि 'प्रत्येक चौकोन' म्हणताना काही ब्राउझरच्या यादीत सेव्ह केलेले पासवर्डही असतात. सिंक चालू असेल तर ते फोनवरूनही जाऊ शकतात. शिवाय क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही तुमची मागची निवड लक्षात ठेवतात. एकदा केलेली चुकीची टिक पुढच्या वेळी आयतीच तयार असते, म्हणून बटण दाबण्याआधी यादी प्रत्येक वेळी वाचावी.

सायबर कॅफेत किंवा मशीन विकताना सगळं पुसणं योग्यच. स्वतःच्या रोजच्या मशीनवर मात्र हिस्टरीपुरती टिक आणि 'लास्ट अवर' एवढं बहुतेक वेळा पुरतं. कुकी नकोच असतील तर फायरफॉक्समध्ये बंद करताना त्या आपोआप पुसायची सोय आहे, आणि तिथेच अपवादांची यादीही आहे. ज्या साइटनी तुम्हाला ओळखावं असं वाटतं त्या तीत घाला. तुमचा डेटा विकू नका किंवा इतरांना देऊ नका असं साइटना सांगणारी सेटिंगही फायरफॉक्सच्या प्रायव्हसी विभागात आहे. ती कुकीत नसून ब्राउझरमध्येच राहते, त्यामुळे कुकी कितीही वेळा पुसल्या तरी टिकते.