ड्राइव्ह दिसत नाही, म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

‘मदरबोर्ड बदलला की जुनी हार्डडिस्क किंवा एसएसडी नव्या बोर्डाला चालत नाही. दिसलीच नाही तर ड्राइव्ह गेली समजा. दिसली तरी फॉरमॅट मारल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यापेक्षा बोर्डासोबत नवी ड्राइव्हच घ्या.’ असा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. नाहक खर्च होतो ते एक वेळ सोडून देऊ. पण या सल्ल्यापायी लोक वर्षानुवर्षांचे फोटो आणि कामाच्या फाइली आपल्या हातानं पुसून टाकतात. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासायलाच हवं.

‘चालत नाही’ हे सरसकट खोटं आहे. साटा ही ड्राइव्ह बोर्डाला जोडण्याची जुनी पद्धत. तिची सेकंदाला ६ गिगाबिटची आवृत्ती २००९ साली आली, तिच्या पोर्टला आधीच्या ३ गिगाबिटच्या ड्राइव्हही चालतात. एनव्हीएमई ही त्याहून नवी, वेगवान पद्धत; तिची तिसऱ्या पिढीची एसएसडी चौथ्या-पाचव्या पिढीच्या स्लॉटमध्येही चालते. वेग ड्राइव्हच्या कुवतीइतका मिळतो, एवढंच.

‘दिसली नाही तर गेली’ या वाक्यानं मात्र खरं नुकसान होतं. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. तिथेही ड्राइव्ह नसेल आणि ती एम.२ प्रकारची असेल, तर ती काढून सोनेरी टोक नीट पाहा. एम.२ हे नाव फक्त आकाराचं आणि सॉकेटचं आहे. त्या आकारात साटाच्या ड्राइव्ह येतात आणि एनव्हीएमईच्याही. टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटाची, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमईची. खात्रीसाठी लेबल वाचा. नव्या बोर्डांवरचे कित्येक एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखतात. साटाची ड्राइव्ह त्यात बसते, स्क्रूही लागतो, पण बोर्डाला तिचा पत्ताच नसतो. ड्राइव्ह धडधाकट असते, तिला दुसरा स्लॉट हवा असतो.

केबलनं जोडायच्या साध्या साटा ड्राइव्हची गोष्ट वेगळी. बऱ्याच बोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात, कारण दोघांच्या लेन (डेटा वाहण्याचे मार्ग) सामाईक असतात. कोणता स्लॉट भरला की कोणता पोर्ट बंद, याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. तो पाहून केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ‘गेलेली’ हार्डडिस्क परत येते.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये नाही, अशा वेळी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडा. कधी फक्त ड्राइव्हला (डी, ई असं) अक्षर दिलेलं नसतं. पण तिथे ‘इनिशियलाइज डिस्क’ अशी चौकट आली आणि ड्राइव्हवर जुना डेटा असेल, तर कॅन्सल दाबा. ओके दाबलंत की नवा पार्टिशन टेबल (ड्राइव्हच्या भागांची नोंद) लिहिला जातो आणि डेटा परत मिळवणं अवघड होऊन बसतं.

आता फॉरमॅटचं. ज्या ड्राइव्हवर नुसत्या फाइली आहेत, तिचा बूट होण्याशी (संगणक सुरू होण्याशी) संबंधच नाही. फॉरमॅटचा प्रश्न येतो कुठे? विंडोज असलेली ड्राइव्ह बूट होत नसेल, तर आधी कारण शोधा. जुनं विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीवर टाकलेलं असतं आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय ही बूट होण्याची नवी पद्धत मानतो, हे नेहमीचं कारण. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे. ते डेटा न पुसता डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलतं. आधी बॅकअप घ्या, मग व्हॅलिडेट (तपासणी) चालवा, मगच कन्व्हर्ट (बदल). दुसरं कारण हमखास नजरेतून सुटतं: विंडोज एसएसडीवर, पण बूटलोडर (विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) जुन्या हार्डडिस्कवर. अशी एकटी एसएसडी नव्या बोर्डाला लावली तर ती बूट कशी होणार? तिसरं, निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येणं. यात बहुतेकदा जुन्या बोर्डावर एएचसीआय (ड्राइव्ह चालवण्याचा साधा मोड) आणि नव्यावर रेड (अनेक डिस्का एकत्र बांधणारा) किंवा व्हीएमडी (इंटेलचा, वेगळा ड्रायव्हर लागणारा), अशी मोडची अदलाबदल झालेली असते. बायोसमध्ये मोड पूर्वीसारखा करून पाहा. नव्यानं विंडोज टाकताना ड्राइव्हची यादीच रिकामी येते, तेव्हाही अनेकदा व्हीएमडीच आड येतो. त्याचा ड्रायव्हर लोड केला की ड्राइव्ह दिसते.

मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. जुन्या बोर्डाच्या रेडवर बांधलेल्या डिस्का दुसऱ्या कंपनीच्या चिपसेटवर ओळखल्या जातीलच असं नाही. तिथे बोर्ड काढण्याआधी बॅकअप हवाच. इंटेलवरून एएमडीवर जाताना विंडोज नव्यानं टाकणं मलाही योग्य वाटतं, पण त्यासाठी सगळी ड्राइव्ह पुसायची गरज नाही. विंडोजचा ओईएम (संगणकासोबत आलेला) परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो; रिटेल (वेगळा विकत घेतलेला) परवाना नव्या बोर्डावर नेता येतो.

बिटलॉकरबद्दल, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या (एन्क्रिप्ट करणाऱ्या) विंडोजच्या सोयीबद्दल, तो मेसेज अवाक्षर काढत नाही, आणि सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. त्याची किल्ली जुन्या बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएमशी (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा भागाशी) जोडलेली असते. नव्या बोर्डावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर ड्राइव्ह ठणठणीत असूनही डेटा उघडत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेल्या अनेक संगणकांवर हे एन्क्रिप्शन मालकाला कळायच्या आत चालू झालेलं असतं. की बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. जुना संगणक चालू आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवा, बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं स्थगित) करा, आणि मग स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.