इडलीखालचं प्लास्टिक आणि जर्मन पिशवीतला भात

फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकाचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी इडल्या वाफवताना प्लास्टिकचा कागद वापरायला बंदी जाहीर केली. अन्नसुरक्षा खात्याच्या तपासणीत पन्नासहून जास्त ठिकाणी इडलीखाली सुती फडक्याऐवजी प्लास्टिक सापडलं होतं. आम्ही मूळचे बेळगावचे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शेवटी काकांनी माझ्याकडे मोर्चा वळवला : "तुमच्या जर्मनीत भातच पिशवीत शिजवतात म्हणे की. तिकडं चालतंय, मग आमच्या गाडेवाल्यानं काय घोडं मारलंय?"

काकांचं म्हणणं खोटं नाही. इथे स्टुटगार्टला कुठल्याही दुकानात तांदळाच्या भोकाभोकांच्या पिशव्या मिळतात, बहुतेक 125 ग्रॅमच्या. तशीच उकळत्या पाण्यात सोडायची, निथळायची, कापायची. (तो भात काय लायकीचा लागतो, ते विचारू नका.) कोंबडी ओव्हनमध्ये भाजायला प्लास्टिकची लांब नळी मिळते, तिची दोन्ही टोकं बांधायची. आणि महागड्या रेस्टॉरंटांत हवा काढलेल्या पिशवीत मांस भरून ते कोमट-गरम पाण्यात तासन्‌तास ठेवतात. तिथे खरी भीती प्लास्टिकपेक्षा जंतूंची असते, कारण तापमान जेमतेम 55-60 अंश. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने 2006 मध्ये याच कारणासाठी रेस्टॉरंटांना धारेवर धरलं होतं.

पण प्लास्टिक म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. पातळ कॅरीबॅगचं पॉलिथिन 110 ते 130 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. ओव्हनची नळी पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) किंवा नायलॉनची असते. ती याहून बरीच जास्त उष्णता सोसते, तरी पाकिटावर 200 च्या वर नेऊ नका, ओव्हनच्या भिंतीला टेकू देऊ नका, असं बजावलेलं असतं. "इडलीखालचं प्लास्टिक कुठं वितळतंय?" हा ग्रुपवरचा लाडका युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. प्लास्टिकमधले बारीक रेणू आणि त्यात मिसळलेली रसायनं अन्नात उतरायला ते वितळावं लागत नाही. उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ एवढं पुरतं. इडलीचं पीठ आंबवलेलं, वर शंभर अंशांची वाफ.

युरोपात यासाठी 2011 चा नियम क्रमांक 10 आहे. अन्नाऐवजी तेल, आम्ल वगैरे घेऊन प्रत्यक्ष वापराच्या तापमानाला चाचणी करायची. एक चौरस डेसिमीटर (10 बाय 10 सेंटिमीटर) प्लास्टिकमधून एकूण 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही उतरता कामा नये. गंमत म्हणजे भारतातल्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांतही मर्यादा तीच आहे. म्हणजे कायद्यात आपण मागे नाही. पण गाड्यावरचा तो कागद या चाचणीच्या वाटेला कधी गेलेलाच नसतो. घाऊक बाजारातून आणलेला बिननावाचा रोल, तो कशाचा बनलाय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. माझ्या तांदळाच्या पिशवीत काही निघालं, तर पाकिटावर कंपनीचा पत्ता छापलेला आहे. काकांनी कुणाला धरायचं?

म्हणून जर्मन पिशवीला मी पवित्र मानतो असं नाही. इथल्या केंद्रीय जोखीम मूल्यांकन संस्थेने 2019 मध्ये नायलॉनच्या कालथ्यांबद्दल सांगितलं, की 70 अंशांच्या वर अन्नाशी त्यांचा संबंध जितका थोडा तितकं बरं. त्याच वर्षी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्लास्टिकच्या एका टी-बॅगमधून अब्जावधी सूक्ष्मकण चहात उतरतात असं मांडलं. मोजणीच्या पद्धतीवर याच जर्मन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण मिलिग्रॅमची मर्यादा वजन बघते, कण मोजत नाही, एवढं त्यातून कळतं. आमच्या घरी भात कुकरमध्ये होतो.

बंदी योग्यच होती असं माझं मत आहे, पण तिचा रोख अर्धवट आहे. गाडेवाल्याने प्लास्टिक हौसेने घेतलेलं नाही. फडकं प्रत्येक घाण्याला ओलं करावं लागतं, पीठ चिकटतं, दिवसाकाठी ती सगळी फडकी धुऊन वाळवायची, तीही पाणी विकत घेऊन. प्लास्टिकवरची इडली एका झटक्यात सुटते. दंड त्याला आणि रोल विकणारा घाऊक व्यापारी मोकळा, असं होणार असेल तर चार महिन्यांत प्लास्टिक परत येईल. पालिकेने गाड्यांना फडकी धुवायला पाण्याचा एक नळ दिला, तर तो दहा छाप्यांपेक्षा जास्त कामाचा ठरेल.

आणि पार्सलच्या सांबाराचं काय? चिंचेचा आंबटपणा, वर तेलाचा तवंग, उकळतं सांबार पातळ पिशवीत ओतून गाठ मारायची आणि अर्धा तास स्कूटरला लटकवून घरी न्यायचं. इडली दहा-बारा मिनिटांत उतरते, हे त्याहून कितीतरी जास्त वेळ त्या पिशवीत असतं. ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज झाले, सांबाराच्या पिशवीचं नाव कुणी काढलं नाही. घरातला स्टीलचा डबा सोबत न्यायला तर कुठल्या बंदीचीही वाट बघावी लागत नाही.