रोज किल्ला चढून ५ किलो? त्या मेसेजबद्दल खुलासा

साताऱ्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘महिनाभर रोज अजिंक्यतारा चढा, ५ किलो हमखास उतरणार. नाही उतरले तर थायरॉईड समजा.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

हिशेब बघा. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ७० किलोचा माणूस किल्ला चढून-उतरून ढोबळमानाने ३०० जाळतो. महिन्याच्या झाल्या ९,०००. म्हणजे सव्वा किलोसुद्धा नाही, तेही खाणं वाढलं नाही तर. आणि घोडं इथंच पेंड खातं. खाली आल्यावर भूक खवळते, ‘आज किल्ला केलाय’ म्हणून एक वडापाव पोटात जातो, की हिशेब तिथंच फिटला. घरी भाजी डाएटची, पण फोडणीला तेल किती? एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी. (माझ्या खाण्याच्या नोंदवहीत महिनाभर ते तेल लिहिलेलंच नव्हतं!)

शिवाय नव्यानं व्यायाम सुरू केला की दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. सुरुवातीचे काही आठवडे काटा हलत नाही, कधी उलट चढतो. तेव्हा कमरेला टेप लावून बघा.

थायरॉईड मंदावल्यानं वजन वाढतं, पण बहुधा थोडंच, त्यातही बराच भाग पाण्याचा. सततचा थकवा, थंडी सहन न होणं, पाळीतले बदल असतील तर टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासून घ्या. वजनासाठी शेजारणीच्या थायरॉईडच्या गोळ्या मात्र घेऊ नका. त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात.