गुलमर्गच्या मुलांच्या स्कीइंग सहलीबद्दल आपण दिलेल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीतल्या आमच्या गुलमर्ग सहलीबद्दल आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय वाचला. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: सहा वर्षांच्या मुलाला पहिला दिवसभर सपाटीवरच चालवले, त्याच्यासाठी स्नोबोर्डची मागणी नोंदवलेली असताना स्की दिल्या, चार वर्षांच्या मुलीचा वर्ग अर्ध्यावरच थांबवला, पालकांना लांब उभे केले, आणि त्याआधी पाचपाखाडीतल्या हॉलवर झालेले रविवारचे सराववर्ग म्हणजे निव्वळ पैसे काढण्याचा प्रकार होता. पुढच्या मोसमाची चौकशी करणारे ठाण्यातले आणि नवी मुंबईतले पालक हा अभिप्राय वाचणार आहेत, म्हणून उत्तर खासगीत न देता इथेच देत आहे.

पहिल्या दिवसाबद्दल आधी लिहितो, कारण आपला मुख्य राग त्यावरच आहे. स्कीचा बूट घोट्याला जवळजवळ जखडून ठेवतो, त्यामुळे तो घालून नुसते चालणे हेसुद्धा लहान मुलाला नवे असते. बूट अंगवळणी पडला की एका पायात स्की घालून दुसऱ्या पायाने रेटा द्यायचा, मग पाय बदलायचा, मग दोन्ही स्की घालून आडव्या पावलांनी थोडे चढायचे, मुद्दाम कुशीवर पडायचे आणि कोणाचा हात न धरता उठायचे, हा क्रम आमचे प्रशिक्षक सोडत नाहीत. त्यानंतर जो उतार निवडतात तो पुढे आपोआप सपाट होणारा असतो, म्हणजे मुलाला थांबता आले नाही तरी जमीनच त्याला थांबवते. पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवून वेग कमी करणे, ज्याला मुलांच्या भाषेत सगळीकडेच ‘पिझ्झा’ म्हणतात, ते जमेपर्यंत मुलाला वर नेणे म्हणजे त्याचा ब्रेक दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला उतारावर सोडणे होय. आपल्या मुलाला तो त्रिकोण दुसऱ्या दिवशी दुपारी जमला आणि तिसऱ्या दिवशी तो वरच्या टप्प्यावरून एकटा खाली आला. अभिप्रायात तिसऱ्या दिवसाचा उल्लेख नाही, म्हणून तो इथे करतो.

मागच्या वर्षी हिमाचलमध्ये दहा मिनिटांत मुलगा उतारावरून खाली आला होता, असे आपण लिहिले आहे आणि त्याचा फोटोही जोडला आहे. तो फोटो मी मोठा करून पाहिला. मुलाचे गुडघे ताठ आहेत, पाठ मागे रेललेली आहे, दोन्ही स्कींची पुढची टोके बर्फावरून किंचित उचललेली आहेत आणि त्याच्या काखेत एका मोठ्या माणसाचे हात आहेत. त्या उतारावर स्कीइंग कोणी केले असेल तर ते त्या माणसाने. हौसेच्या फोटोला माझी मुळीच हरकत नाही, पण मागे रेलण्याची ती सवय मोडण्यातच पहिल्या दिवसाचा बराचसा वेळ गेला, असे प्रशिक्षकाच्या टिपणात लिहिलेले आहे. मूल घाबरले की मागे रेलते, मागे रेलले की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो आणि वळणे, थांबणे दोन्ही हातचे जाते.

मुलगा स्केटिंगच्या वर्गाला जातो, त्यामुळे त्याला पायापासून शिकवण्याची गरज नव्हती, हा मुद्दा निम्मा बरोबर आहे. स्केटिंग करणाऱ्या मुलांचा तोल लवकर सांभाळला जातो, घसरण्याची धास्ती कमी असते आणि एका पायावर भार घेणे त्यांना जमते. थांबणे मात्र तिकडून इकडे येत नाही. स्केटवर मूल टाचेचा किंवा पायाच्या बोटांकडचा रबरी ब्रेक जमिनीला टेकवते, तर स्कीवर पाय न उचलता दोन्ही टाचा एकाच वेळी बाहेर ढकलाव्या लागतात. वेगाने जाता येते आणि थांबता येत नाही, असे मूल प्रशिक्षकाला नवख्या मुलापेक्षा जास्त जपावे लागते.

काश्मीरमधली मुले चार वर्षांची असतानाच स्कीइंग करतात, हे आपले म्हणणे खरे आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेला आरिफ खान याने त्याच वयाच्या आसपास सुरुवात केली होती. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्येच स्कीच्या साहित्याचे दुकान होते आणि बर्फ दाराशी होता. ज्या मुलाला एखादा दिवस कंटाळा आला तर उद्या, परवा किंवा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यायचे आहे त्याची गोष्ट वेगळी, आणि घोडबंदर रोडवरून चार दिवसांसाठी आलेल्या मुलाची वेगळी.

गोंडोलाबद्दल, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेबद्दल, थोडक्यात. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला तीन हजार मीटरच्या आसपास पोहोचतो आणि दुसरा अफरवट शिखराच्या बाजूला त्याहून कितीतरी वर. वरचे उतार बहुतांशी यंत्राने न दाबलेल्या बर्फाचे आहेत आणि ते अनुभवी लोकांसाठी आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलन होऊन परदेशी स्कीपटूंचा जीव गेला होता. पहिल्या टप्प्याची फेरी कार्यक्रमपत्रिकेत फिरण्यासाठी म्हणून होती आणि ती झाली. मुलांना स्की घालून तिथून खाली आणण्याचे आश्वासन आम्ही कधीच दिलेले नाही.

स्नोबोर्डची मागणी आपण लेखी दिली होती आणि ‘वजन, उंची व उपलब्ध साहित्य पाहून प्रशिक्षक अंतिम निर्णय घेतील’ या अटीसह आम्ही ती नोंदवली होती. लहान मुलांना स्नोबोर्ड शिकवताच येत नाही, असे मी म्हणणार नाही. परदेशात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीही आखूड, मऊ बोर्ड मिळतात आणि पुढे दोरी बांधून त्यांना सपाटीवरून ओढत खेळवतात. पण त्या दिवशी भाड्याच्या दुकानात असलेला सर्वांत लहान बोर्ड आपल्या मुलाच्या नाकापर्यंत येत होता आणि इतका कडक होता की सहा वर्षांच्या मुलाच्या वजनाने तो वाकलाच नसता. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, शरीर आडवे असते आणि वळायचे किंवा थांबायचे तर भार टाचांच्या कडेवरून बोटांच्या कडेवर न्यावा लागतो. मापाबाहेरच्या फळीवर लहान मुलाच्या घोट्यांना ते झेपत नाही. शिवाय नवशिके खेळाडू पडताना हात टेकतात, म्हणून या खेळात मनगटाच्या दुखापती सर्वांत जास्त होतात. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की, शिकाऊ मुलांसाठी ज्या मंद उतारावर स्की छान चालतात तिथेच बोर्ड अडून बसतो आणि मग मूल दर दोन मिनिटांनी पट्टे सोडून चालत राहते. हे सगळे पाहून प्रशिक्षकांनी स्की दिल्या, आणि मी तिथे असतो तर मीही त्याच दिल्या असत्या.

काठ्या दिल्या नाहीत, ही तक्रार बहुतेक पालक करतात. या वयात काठ्या पायांत अडकतात आणि मूल त्यांच्यावर रेलते, एवढेच त्याचे कारण आहे. स्की वारंवार निसटत होती म्हणून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी पकड, घट्ट करायला आपण सांगितले आणि प्रशिक्षकांनी ऐकले नाही, हेही खरे आहे. बाइंडिंग किती जोराने सुटावे हे मुलाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याची तयारी यांवरून ठरवतात, कारण पडताना स्की सुटली नाही तर पीळ थेट पायाला बसतो. त्या सकाळी स्की निसटत होती ती बुटाखाली बर्फाचा थर दबून बसल्यामुळे. तो खरवडून काढल्यावर ती नीट बसली.

आता आपल्या मुलीबद्दल. तिचा वर्ग दोन तासांचा असताना सव्वा तासाने थांबवला, कारण ती एकाच पायावर उभी राहू लागली होती आणि विचारल्यावर काहीच बोलत नव्हती. आत नेऊन बूट काढला तेव्हा पायात सुती मोज्यावर लोकरीचा मोजा होता, थर्मलच्या पायजम्याची कड दुमडून बुटाच्या आत खोचलेली होती आणि त्या घडीचा लालभडक वळ नडगीवर उठला होता. सुती मोजा घामाने ओला झाला होता आणि बोटे गार पडली होती. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर थंड होते. बुटात एकच, गुडघ्यापर्यंतचा मोजा आणि थर्मलची कड बुटाच्या वर, ही सूचना साहित्याच्या यादीत होती आणि रविवारच्या वर्गात बूट घालून दाखवलीही होती. त्या रविवारी आपल्या घरून कोणी आले नव्हते. हॉलवरच्या त्या वर्गांत बर्फ नसतो हे उघड आहे. पण बूट घालणे, बदकासारखे फाकून चालणे, पडून उठणे आणि अनोळखी माणसाच्या सूचना ऐकणे हे तिथे उकाड्यात निवांत होते, आणि त्यासाठी गुलमर्गमधली महागडी सकाळ खर्ची पडत नाही.

पालकांना लांब उभे करण्यामागे अपमान करण्याचा हेतू नसतो. आई दिसली की मूल तिच्याकडे पाहते, पुढे पाहत नाही. पाठीला पट्टा बांधून मागून धरण्याची आपली सूचना त्याच कारणाने नाकारली: मूल पट्ट्यावर रेलून बसते आणि थांबवण्याचे काम आपले नाही असे समजते.

शेवटी तारखांबद्दल. नाताळच्या सुट्टीत सहल नेली असती तर शाळा बुडाली नसती, हे मान्य. परंतु जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग बरेच दिवस कोरडे होते आणि 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी फेब्रुवारीवरून मार्चवर ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीचीसुद्धा खात्री नसताना डिसेंबरच्या भरवशावर लहान मुलांना इतक्या लांब नेण्याची माझी तयारी नाही.

स्नोबोर्डचे आणि स्कीचे भाडे यांतील फरक आपल्या खात्यावर परत केला आहे. मुलीच्या उरलेल्या पाऊण तासाचे पैसे मात्र परत करता येणार नाहीत, कारण तो वेळ प्रशिक्षक तिच्याजवळच बसून होते आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून त्यांच्याकडे गेली. मुलासाठी पुढच्या मोसमात स्नोबोर्डच हवा असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत त्याचे वजन, उंची आणि बुटाचे माप कळवावे, म्हणजे त्याच्या मापाचा मऊ बोर्ड आणि मनगटाचे संरक्षक पट्टे आधीच मागवून ठेवता येतील. ते मिळाले नाहीत तर नोंदणी करण्यापूर्वीच आपल्याला तसे सांगू.

आपला,
संचालक, ठाणे कार्यालय