पाच पायऱ्या सगळ्यांना लागू नाहीत

जवळचं माणूस गेल्यावर नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य अशा दुःखाच्या पायऱ्या चढल्या की शेवटी पाचवी पायरी, म्हणजे स्वीकार, येते आणि माणूस सावरतो, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये या पायऱ्या मांडल्या, त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या.

माझा भाऊ गेल्यावर मला तरी असा क्रम दिसला नाही. सकाळी बँकेत त्याचं खातं बंद करायचे फॉर्म मी शांतपणे भरायचे, सह्या कुठे करायच्या ते नीट विचारून घ्यायचे. आणि संध्याकाळी मोबाईलमध्ये भलतंच काही शोधताना त्याचा जुना व्हॉइस मेसेज लागला की हातपाय गळायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं म्हणूनच जास्त खरं वाटतं: माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यात ये-जा करत राहतो, आणि सावरणं या ये-जा करण्यातूनच होतं. लेखात हे यायलाच हवं होतं. नाहीतर नुकतंच घरचं माणूस गमावलेला वाचक ‘मी अजून कितव्या पायरीवर?’ असं स्वतःला विचारत बसतो. एवढ्या दुःखात वर परीक्षा कशाला?